परदेशात एक सत्र : कॅटलॉगमधले नेमके कुठले विषय आपल्याला घेता येतात?

दूरदेशी

नमस्कार मंडळी. मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे, त्यातून माझी हिवाळी सत्रासाठी निवड झाली. घरात सगळे खूश आहेत, मीही आहे. पण विषयांचा फॉर्म समोर आला आणि गेले चार दिवस मी त्यातच अडकले आहे.

फॉर्मवर ३० ईसीटीएसचे (म्हणजे युरोपातल्या क्रेडिटचे) विषय भरायचे आहेत, शिवाय दोन पर्यायी. विद्यापीठाच्या साइटवर कॅटलॉग आहे आणि तो अवाढव्य आहे. मी हौसेनं आठ विषय काढले. मग नीट वाचल्यावर कळलं की त्यातले तीन फक्त उन्हाळी सत्रात असतात, एक पूर्ण जर्मनमधून आहे आणि एक मास्टर्सचा आहे. म्हणजे उरले तीन.

इकडे कॉलेजचं म्हणणं, ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि डेटाबेस हे तुझे सक्तीचे विषय तिथून करून आण, नाहीतर परत आल्यावर जादा बसावं लागेल. मला मात्र संगणकीय भाषाशास्त्र शिकायचंय. आमच्याकडे तो विषयच नाही, आणि तिथे त्याचा अख्खा विभाग आहे.

माझे दोन प्रश्न. कॅटलॉगमधलं खरोखर काय मला मिळू शकतं, हे कसं ओळखायचं? आणि सक्तीचे विषय घ्यावेत की इथे न मिळणारे?

पाटीपेन्सिल

अभिनंदन! मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात होते. बाहेरून येणाऱ्या मुलांचे विषय लावून देणं हेच माझं काम होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कॅटलॉग म्हणजे विद्यापीठ जे जे शिकवू शकतं त्याची यादी. त्या सत्रात प्रत्यक्ष काय शिकवणार आहेत, त्याचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि त्यातलं पाहुण्या विद्यार्थ्यांना काय खुलं आहे, ही तिसरी यादी. बहुतेक मुलं पहिली यादी बघून फॉर्म भरतात आणि मग तीन-तीनदा बदलत बसतात. विद्यापीठाच्या साइटवर 'इनकमिंग एक्स्चेंज' असं वेगळं पान असतं, आधी ते शोध.

जर्मनीत मोडुलहांडबुख नावाची पीडीएफ असते, प्रत्येक अभ्यासक्रमाची एक. ती उघड. भाषा येत नसली तरी हरकत नाही, सगळ्या विषयांचा तक्ता एकाच साच्याचा असतो. 'टुर्नुस' अशी ओळ दिसेल, म्हणजे विषय कधी असतो. दर हिवाळी सत्रात, दर उन्हाळी, की अधूनमधून. 'अधूनमधून' असेल तर त्याच्या भरवशावर राहू नकोस. त्याच्या आसपास शिकवण्याची भाषा लिहिलेली असते. मग '४ एसडब्ल्यूएस' असं काही दिसेल, म्हणजे आठवड्याला ४ तासिका. आणि शेवटी कामाचे तास : ६ ईसीटीएसला १८० तास, त्यातले वर्गात ६०, स्वतःच्या अभ्यासाचे १२०. हा १२० चा आकडा वाचल्याशिवाय पाच विषय घेऊ नकोस. वेळापत्रक रिकामं दिसतं म्हणून मुलं सहावा विषय घेतात आणि डिसेंबरात रडकुंडीला येतात.

दुसरं, करार कुठल्या विभागाशी आहे ते बघ. पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून अधिक क्रेडिट करारातल्या विभागातूनच घ्यावी लागतात. तुझा करार संगणक विभागाशी असेल आणि भाषाशास्त्र दुसऱ्या फॅकल्टीत असेल, तर तिथल्या समन्वयकाची वेगळी परवानगी लागेल. अवघड नाही, पण मागावी लागते, आपोआप येत नाही.

मास्टर्सचा विषय लगेच खोडू नकोस. जर्मनीत पदवीचे विषय बरेचसे जर्मनमधून आणि मास्टर्सचे इंग्रजीतून असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना काही विभाग तिथे बसू देतात, काही नाही. विचारून बघ.

उंबराचंफूल

पाटीपेन्सिलताईंनी जवळपास सगळं सांगितलंय. मी अमेरिकेत एक वर्ष होतो, तिकडचं थोडं लिहितो. धागा पुढे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

तिथे विषयाच्या नंबरावर फसायला होतं. बऱ्याच विद्यापीठांत १०० आणि २०० चे विषय सुरुवातीचे, ३००-४०० चे वरच्या वर्गाचे आणि ५०० च्या पुढचे मास्टर्सचे. पण बर्कलीत १ ते ९९ खालचे, १०० ते १९९ वरचे आणि २०० पासून पदव्युत्तर. तिकडच्या १७० नंबरच्या विषयाला सोपा समजून नाव घातलं तर पहिल्याच आठवड्यात घाम फुटेल. एमआयटीत तर नंबराचा पहिला भागच विभागाचा असतो, ६ म्हणजे इलेक्ट्रिकल आणि संगणक, १८ म्हणजे गणित. म्हणून नंबर सोडा आणि 'आधी काय शिकलेलं हवं' ही ओळ वाचा.

ती अट पूर्ण होत असली तरी संगणक प्रणालीला ते कळत नाही, कारण तुम्ही आधीचा विषय तुमच्या कॉलेजात केलेला असतो. बटण दाबलं की 'अट अपूर्ण' असं येतं. तिथे सोडून द्यायचं नाही. प्राध्यापकांना चार ओळींची मेल लिहायची, मी अमुक विषय केलाय, हा त्याचा अभ्यासक्रम, मला वर्गात बसायचंय. सोबत तुमच्या अभ्यासक्रमाची इंग्रजी पीडीएफ. मी अशा तीन मेल केल्या, दोन होकार आले. एका प्राध्यापिकेनं तर 'पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं वाचून ये' असं लिहिलं. मी वाचून गेलो आणि त्या वर्गानं मला वर्षभरात सगळ्यात जास्त दिलं.

व्हिसाचंही ध्यानात ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलाला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, आणि त्या पूर्णवेळ हिशेबात ऑनलाइन विषय एकच धरतात, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा. देवाणघेवाणीवर जाणारे बरेच जण जे-१ वर असतात, त्यांनाही पूर्णवेळ राहणं बंधनकारकच. झेपत नाही म्हणून एखादा विषय सोडायचा असेल, तर आधी कार्यालयात विचारायचं आणि मगच सोडायचा.

हिशेबवही

विषय कुठलेही घे, पण आधी क्रेडिटचा हिशेब लेखी घे. मी पोळलेय म्हणून सांगते.

युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, ब्रिटनमध्ये त्यांची १२० क्रेडिट, अमेरिकेत साधारण ३०. म्हणजे ब्रिटनची २ बरोबर युरोपचं १, आणि अमेरिकेचं १ बरोबर युरोपची २. इथवर सोपं आहे. आमच्या कॉलेजनं ठरवलं होतं की ३० ईसीटीएसची आमची २० धरू. मी ५ ईसीटीएसचे सहा विषय केले, बेरीज ३०, निश्चिंत होते. परत आल्यावर परीक्षा विभागानं विषयागणिक रूपांतर केलं. ५ ईसीटीएस म्हणजे ३.३३, ते त्यांनी ३ धरले. सहा विषयांचे १८. दोन क्रेडिट हवेत गेली आणि शेवटच्या सत्रात प्रकल्प चालू असताना मला एक जादा विषय करावा लागला. कुणी मुद्दाम केलं नाही, पण 'रूपांतर बेरजेवर की विषयागणिक' हा एक प्रश्न मी जाण्याआधी विचारला असता तर ते सत्र वाचलं असतं.

गुणांचंही तेच. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे प्रथम वर्ग, आणि ६५ मिळवणारा मुलगा चांगला समजतात. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, १६ म्हणजे उत्तम, आणि २० कुणाला सहसा मिळत नाहीत. जर्मनीत १.० सगळ्यात वर, ४.० ला पास. आता फ्रान्सचे १४ घेऊन कुणी सरळ ७० टक्के करून टाकले तर त्या मुलावर अन्याय होतो, कारण तिथे १४ म्हणजे वर्गातल्या पुढच्या मुलांत. त्यामुळे गुण कसे बदलणार, की नुसतं 'उत्तीर्ण' लिहून सरासरीत धरणारच नाहीत, हेही विचारून ठेव. गुणपत्रकासोबत वर्गातल्या गुणांचं वितरण दाखवणारा तक्ता युरोपातली बरीच विद्यापीठं देतात. मिळाला तर नक्की घे.

आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : सक्तीचे घे. आवडीचं आयुष्यभर शिकता येतं.

आडवाट

हिशेबवही, तुमचा त्रास कळतो, पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही.

डेटाबेस दूरदेशीच्या कॉलेजात आहे, पुढच्या वर्षीही असेल. जो विषय जगात मोजक्या ठिकाणी नीट शिकवतात, तो शिकवणारी माणसं समोर असताना त्यांच्या वर्गात बसायचं नाही आणि घरी मिळणारंच परत शिकायचं, तर मग गेलोच कशाला?

मी स्वीडनला होतो. तिथली पद्धतच वेगळी, पाच विषय एकदम चालत नाहीत. साडेसात क्रेडिटचा विषय, पाच आठवडे पूर्णवेळ, परीक्षा, संपला. मग पुढचा. सत्रात असे चार. काही विषय ५० टक्के गतीचे असतात, ते दहा आठवडे चालतात आणि दोन शेजारी-शेजारी घेता येतात. मला हे माहीत नव्हतं. मी निवडलेल्या चारपैकी दोन एकाच पंधरवड्यात सुरू होत होते आणि दोन्ही १०० टक्के गतीचे. पाच-सहा आठवडे दुप्पट काम आणि नंतर महिनाभर हात रिकामे, असं होणार होतं. शेवटच्या क्षणी एक बदलावा लागला.

जो बदलून मिळाला तो हिमनद्यांचा भूगोल. मी स्थापत्यचा. पाचव्या आठवड्यात आम्हाला डोंगरावर नेलं. बाईंनी एका खडकावर हात ठेवायला सांगितला. त्यावर समांतर ओरखडे होते, बोटांना लागत होते. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी सरकताना कोरलेले. त्यांच्या दिशेवरून बर्फ कुठल्या रेषेत सरकला ते सांगता येतं. पुढे मी माती आणि पाया याच क्षेत्रात गेलो, आणि त्याचं बी त्या दिवशी पडलं. तो विषय माझ्या कॉलेजनं 'मुक्त ऐच्छिक' म्हणून धरला, एकही क्रेडिट बुडालं नाही.

म्हणून दूरदेशी, आधी हे सांग, तुझी ऐच्छिक विषयांची किती घरं रिकामी आहेत?

दूरदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार! अभ्यासक्रमाचं पुस्तक काढून बघितलं. दोन मुक्त ऐच्छिक आणि एक विभागाचा ऐच्छिक अजून शिल्लक आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आडवाट

मग सुटलं की. संगणकीय भाषाशास्त्र आणि त्याच्या शेजारचा एखादा विषय मुक्त ऐच्छिकात. सक्तीचा एकच ने, जो तिथे अभ्यासक्रमाला सगळ्यात जवळचा बसेल तो. दुसरा इथे कर.

हिशेबवही

ऐच्छिकाची घरं रिकामी असतील तर माझाही आग्रह नाही. आडवाट, तुमचं खडकाचं वाचून मी माझं मत थोडं मागे घेते. माझ्या वेळी कुणी असं विचारलंच नव्हतं.

फक्त सक्तीच्या विषयाला प्रयोगशाळेचे तास बघा. नाव सारखं आणि मजकूर ऐंशी टक्के सारखा असूनही 'आमच्याकडे प्रात्यक्षिक आहे, त्यांच्याकडे नाही' म्हणून नाकारलेलं मी पाहिलंय.

जलरंग

जरा वेगळा प्रश्न, माफ करा. माझी बहीण नर्सिंगला आहे. तिलाही असं एखादं सत्र बाहेर करता येईल का? कॅटलॉगमध्ये नर्सिंगचे विषय दिसतात, पण पाहुण्यांच्या यादीत नाहीत.

पाटीपेन्सिल

जलरंग, माफी कसली. वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी या शाखांतले रुग्णांशी संबंध येणारे विषय पाहुण्यांना बहुधा बंदच असतात. जागा मोजक्या, रुग्णांशी बोलायला तिथली भाषा लागते, विमा आणि नोंदणीचे नियम वेगळे. दोन विद्यापीठांच्या नर्सिंग विभागांत थेट करार असेल तरच ती दारं उघडतात. पण सार्वजनिक आरोग्य, जैवसांख्यिकी, आरोग्याचं अर्थशास्त्र, वैद्यकीय नीतिशास्त्र हे विषय पुष्कळ ठिकाणी खुले असतात आणि तिला कामाला येतील.

पूर्ण सत्र जमत नसेल तर छोटे पर्यायही बघा. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या देवाणघेवाण योजनेत २०२१ पासून एक मिश्र प्रकार आहे, ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष तिथे आणि बाकी ऑनलाइन, किमान ३ ईसीटीएस. तिचं कॉलेज अशा एखाद्या गटात सहभागी आहे का, एवढं विचारावं लागेल. उन्हाळी शाळाही असतात, तीन-चार आठवड्यांच्या. तिथे क्रेडिट मिळतं की नुसतं प्रमाणपत्र, ते आधी बघायचं.

उंबराचंफूल

एका सत्रासाठी ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी : काही विषय वर्षभराचे असतात आणि परीक्षा थेट मे-जूनमध्ये. फक्त शरद सत्राला गेलात तर परीक्षेआधीच परत आलेले असता. काही विद्यापीठं अशा मुलांना परीक्षेऐवजी निबंध देतात, पण ती सोय त्या विषयाला आहे का, हे निवडतानाच बघावं लागतं.

कंदील

वाचतोय बऱ्याच वेळापासून. जर्मनीतच होतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. या कुणी मला सांगितल्या नव्हत्या.

विषयाला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची नोंदणी सत्राच्या मध्यावर कधीतरी उघडते आणि ठरावीक तारखेला बंद होते. मी एका विषयाला ऑक्टोबरपासून एकही तास चुकवला नव्हता. फेब्रुवारीत हॉलच्या दारावर यादी लावलेली, मी तीनदा बोट फिरवलं, माझं नाव नाही. पर्यवेक्षक भले होते, पण म्हणाले, यादीत नाव नसेल तर मी कागद देऊ शकत नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि मी बॅग घेऊन पायऱ्यांवर बसलो. चार महिन्यांचा अभ्यास, आणि गुणपत्रकावर त्या विषयाची ओळच नाही. दूरदेशी, पोचलीस की पहिल्या आठवड्यात ही तारीख विचार आणि फोनमध्ये गजर लाव.

त्यातच आणखी एक. गणित आणि संगणकाच्या विषयांना व्याख्यानाबरोबर सरावाचा तास असतो, 'युबुंग' म्हणतात. दर आठवड्याला गणितांचा कागद मिळतो, सोडवून द्यायचा. बऱ्याच विषयांत या कागदांवर ठरावीक गुण, अनेकदा निम्मे, मिळवल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. दोघा-तिघांच्या गटात द्यायची मुभा असते. पहिल्याच तासाला शेजारच्याशी बोल आणि गट कर. माझे तिथले सगळे मित्र त्या कागदांवरच झाले.

दुसरी गोष्ट तारखांची. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. व्याख्यानं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास संपतात, परीक्षा त्यानंतर, काही मार्चमध्येही. तुझ्या कॉलेजचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर?

दूरदेशी

कंदीलदादा, वाचून पोटात गोळाच आला. आमचं सत्र जानेवारीच्या मध्यापासूनच सुरू होतं. याचा विचार कुणीच केला नव्हता, समन्वयक सरांनीही नाही. उद्याच भेटते त्यांना.

पाटीपेन्सिल

घाबरू नकोस, हे दरवर्षी होतं आणि मार्ग निघतो. दोन्ही बाजू धर. तिथे विषय निवडतानाच तोंडी परीक्षा किंवा निबंध असलेले दोन-तीन घे, त्यांच्या तारखा प्राध्यापकाशी बोलून पुढे-मागे होतात. मोठ्या हॉलमधल्या लेखी परीक्षेची तारीख हलत नाही. आणि इथे उशिरा रुजू होण्याचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीनं निघण्याआधीच घे.

तुझ्या विषयांचा तीन सह्यांचा करारनामा असतो, तुझी, तुझ्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची. तिथे गेल्यावर विषय बदलणार हे धरूनच चाल. एखादा रद्द होतो, एखाद्याची वेळ दुसऱ्यावर येते. इरॅस्मसच्या करारनाम्यात बदलासाठी सत्र सुरू झाल्यापासून दोन ते पाच आठवडे देतात, बाकीचे करारही साधारण याच वळणाचे असतात. बदल केलास की नव्या विषयाची मंजुरी त्याच दिवशी कॉलेजकडून मेलवर माग. तोंडी 'हो, चालेल' नको.

दूरदेशी

दहा दिवसांनी परत आले. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

सर आधी थोडे नाराज झाले, मग त्यांनीच विभागप्रमुखांकडून पत्र करून दिलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिरा आलेलं चालेल, तोवरच्या प्रयोगशाळा नंतर भरून काढायच्या. रूपांतर बेरजेवर होणार, हेही त्याच पत्रात लिहून घेतलं. हिशेबवहीताई, तुमच्यामुळे.

यादी अशी ठरली. ऑपरेटिंग सिस्टिम्स ६, हा सक्तीचा, आणि त्याला तिथे प्रोग्रॅमिंगचे कागद आहेत म्हणून प्रात्यक्षिकाचा प्रश्न सुटला. संगणकीय भाषाशास्त्राची ओळख ६. यंत्रशिक्षणाचा एक मास्टर्सचा विषय ६. त्या प्राध्यापकांना मेल केली होती, त्यांनी माझा गणिताचा अभ्यासक्रम मागवला आणि हो म्हणाले. भाषाशास्त्र विभागात ध्वनिशास्त्राचं सेमिनार ६, तिथे निबंध आहे, परीक्षा नाही. आणि जर्मन भाषा ५. एकूण २९. एक कमी पडतंय, पण तिथल्या समन्वयक म्हणाल्या चालेल. डेटाबेस इथे परत आल्यावर करेन.

ध्वनिशास्त्राच्या बाईंनी उत्तरात विचारलं, तुझी मातृभाषा कुठली? मी मराठी लिहिलं. त्यांनी लिहिलं की मराठीतल्या 'च' आणि 'ज' च्या दोन-दोन उच्चारांवर वर्गात बोलता येईल, तुझ्या आवाजात काही शब्द रेकॉर्ड करू. चमचा आणि चष्मा मी तेव्हापासून दिवसभर स्वतःशी म्हणून बघतेय. खरंच, दोन्ही 'च' वेगळे आहेत, आणि मी आजवर कधी ऐकलेच नव्हते!

आडवाट

वा! हे वाचून फार बरं वाटलं.

हिशेबवही

पाचही विषयांच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि तासांसकट पीडीएफ आजच उतरवून ठेव. पुढे कुठे प्रवेश घेताना, नाहीतर परवाना काढताना तीच मागतात, आणि तोवर साइट बदललेली असते. विभागप्रमुखांचं ते पत्रही स्कॅन करून तुझ्या स्वतःच्या मेलवर पाठव, कॉलेजच्या मेलवर नको. ती पदवीनंतर बंद होते.

दूरदेशी

करतेच आत्ता.